औद्योगिक रसायनाचं धोका-वर्गीकरण पहिल्यांदाच करताय? आधी हे वाचा

"एवढं या रसायनाचं वर्गीकरण बघून घे, लेबल छापायचंय." कारखान्यात, गोदामात किंवा प्रयोगशाळेत नव्यानं रुजू झालेल्या माणसाच्या गळ्यात हे काम कधी ना कधी पडतंच. वरवर पाहता दुपारपर्यंत उरकेल असं वाटतं. पुरवठादाराची सेफ्टी डेटा शीट (रसायनाचे गुण आणि धोके सांगणारं माहितीपत्रक) उघडायची, तिथली चिन्हं उचलायची आणि लेबलवर टाकायची. मग दुसऱ्या पुरवठादाराची शीट हाती येते. रसायन तेच, पण चिन्हं वेगळी. तिसरी उघडली तर तिसरंच काहीतरी. यातलं खरं कोणतं हे सांगणारं कुणी आजूबाजूला नसतं आणि नियमांचं पुस्तक उघडावं तर ते शेकडो पानांचं.

हे काम मी बरीच वर्षं करतोय. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगतो: वर्गीकरणाच्या प्रत्येक ओळीपुढे "हे कशावरून?" याचं उत्तर लिहिलेलं हवं. चिन्ह बरोबर आलं पण कारण लिहिलेलं नसेल, तर ते काम झालं असं मी मानत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबानं लिहिल्या आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. आज जगभर ज्या पद्धतीनं रसायनांचे धोके ठरवतात तिला जीएचएस म्हणतात, म्हणजे ग्लोबली हार्मनाइज्ड सिस्टिम. १९९२ च्या रिओ परिषदेत अशी एकच पद्धत असावी असं ठरलं, संयुक्त राष्ट्रांनी तिची पहिली आवृत्ती २००३ मध्ये काढली आणि तेव्हापासून साधारण दर दोन वर्षांनी ती सुधारली जाते. मुखपृष्ठाच्या रंगामुळे या क्षेत्रातले लोक तिला पर्पल बुक म्हणतात. ही पद्धत म्हणजे थेट कायदा नव्हे. प्रत्येक देश तिच्यातले हवे ते भाग उचलून आपल्या कायद्यात घालतो. त्यामुळे एकच रसायन दोन देशांत थोड्या वेगळ्या लेबलनं फिरू शकतं आणि दोन्ही लेबलं बरोबर असू शकतात. युरोपनं तीव्र विषारीपणाची (एका किंवा थोड्या वेळाच्या संपर्कातल्या विषारीपणाची) पाचवी कॅटेगरी, म्हणजे धोक्याची सगळ्यात सौम्य पायरी, घेतलेली नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत पर्यावरणाचे वर्ग नाहीत. तीन शीट तीन गोष्टी का सांगतात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आणखी एक. वर्गीकरण बघतं ते रसायनाच्या अंगच्या गुणाकडे. "आमच्याकडे ते बंद पाइपातून जातं, कुणाचा हात लागत नाही" हा मुद्दा इथे चालत नाही. तो पुढे जोखमीचा अंदाज काढताना येईल. बैठकीत हा मुद्दा कुणीतरी काढणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

बसण्यापूर्वी काय काय हाताशी हवं

- रसायनाचा सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख-क्रमांक) आणि नेमकी रचना: शुद्धता, अशुद्ध घटक, स्टॅबिलायझर, पाण्याचं प्रमाण
- एका बॅचचं तरी विश्लेषण प्रमाणपत्र
- शक्यतो दोन-तीन पुरवठादारांच्या ताज्या सेफ्टी डेटा शीट
- जिथे माल विकला किंवा वापरला जाणार त्या देशाचा नियम आणि त्यानं जीएचएसची कोणती आवृत्ती धरली आहे ती माहिती
- पर्पल बुक (संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं)
- स्वतःच्या किंवा पुरवठादाराच्या चाचण्यांचे मूळ अहवाल, असतील तर
- एक साधी स्प्रेडशीट. रकाने असे: धोक्याचा वर्ग, मिळालेली माहिती, तिचा स्रोत, निकष, निर्णय, शेरा

महागडं सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी मागू नका. दोन-चार रसायनं हातानं केल्याशिवाय सॉफ्टवेअर काय करतंय आणि कुठे चुकतंय ते कळत नाही.

१. रसायन नेमकं कोणतं ते पक्कं करा

नावावर विसंबू नका. एकाच पदार्थाला पाच नावं असतात आणि व्यापारी नाव तर काहीच सांगत नाही. सीएएस नंबर घ्या आणि तो बरोबर टाइप झालाय का ते तपासा, कारण त्याचा शेवटचा अंक पडताळणीसाठीच असतो. मेथॅनॉलचा नंबर ६७-५६-१. शेवटचा १ बाजूला ठेवा. उरलेले अंक उजवीकडून घ्या: ६ गुणिले १, ५ गुणिले २, ७ गुणिले ३, ६ गुणिले ४. बेरीज ६ + १० + २१ + २४ = ६१. तिचा शेवटचा अंक १, म्हणजे नंबर जुळला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि अंकांची अदलाबदल यात लगेच पकडली जाते.

पण नंबर जुळला म्हणजे ओळख पटली असं नाही. हायड्रोजन क्लोराइड वायू आणि पाण्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल या दोघांना ७६४७-०१-० हाच नंबर लावतात. एक दाबाखालचा वायू, दुसरा द्रव. दोघांचं वर्गीकरण एक कसं असेल? म्हणून नंबरापुढे अवस्था आणि प्रमाण लिहायचंच.

अशुद्ध घटकांचंही तसंच. औद्योगिक झायलीनमध्ये बहुतेक वेळा इथाइलबेंझीन असतं आणि त्याचे स्वतःचे धोके असतात. एखाद्या द्रावकात बेंझीन ०.१ टक्का जरी निघालं, तरी सगळा ड्रम कर्करोगकारक ठरतो. "९९ टक्के शुद्ध" असं वाचून खूश होऊ नका. उरलेला एक टक्का काय आहे ते विचारा. पुरवठादार टाळाटाळ करेल, तरी लेखी विचारा.

२. कुणी आधीच अधिकृत वर्गीकरण केलंय का ते पाहा

बऱ्याच नेहमीच्या रसायनांचं काम सरकारी यंत्रणांनी करून ठेवलं आहे. युरोपच्या सीएलपी नियमाच्या (वर्गीकरण आणि लेबलांच्या नियमाच्या) सहाव्या परिशिष्टात हजारो पदार्थांचं अधिकृत वर्गीकरण आहे आणि युरोपियन केमिकल्स एजन्सीच्या संकेतस्थळावर ते शोधता येतं. जपानच्या नाइट या संस्थेनंही सरकारतर्फे केलेली वर्गीकरणं खुली ठेवली आहेत आणि त्यांत प्रत्येक निर्णयाचं कारण लिहिलेलं असतं. शिकण्यासाठी मला ती फार उपयोगी वाटतात.

इथे सापळे तीन.

युरोपच्या संकेतस्थळावर अधिकृत वर्गीकरणाच्या जोडीला कंपन्यांनी स्वतः कळवलेली वर्गीकरणंही दिसतात. एकाच रसायनाची दहा-वीस वेगवेगळी. ती अधिकृत नाहीत. "सगळ्यात जास्त कंपन्यांनी हे लिहिलंय" हे कारण होऊ शकत नाही, कारण त्यातल्या कितीतरी कंपन्यांनी एकमेकींचंच उतरवलेलं असू शकतं.

दुसरा सापळा तारांकनाचा. परिशिष्टात काही ठिकाणी कॅटेगरीपुढे छोटी चांदणी असते. तिचा अर्थ "किमान एवढं तरी". तुमच्याकडे अधिक कडक कॅटेगरी दाखवणारी माहिती असेल, तर कडक कॅटेगरीच लावावी लागते.

तिसरा सगळ्यात फसवा. अधिकृत यादीत एखादा धोका लिहिलेला नाही, म्हणजे तो नाही, असं नसतं. अनेकदा त्या वर्गाचा विचारच झालेला नसतो. यादीतल्या नोंदी आहेत तशा घ्या आणि उरलेले वर्ग स्वतः तपासा.

३. माहिती गोळा करा आणि तिची पारख करा

डेटा शीटचे १६ विभाग असतात. नवा माणूस थेट विभाग २ वर जातो, कारण तिथे तयार वर्गीकरण असतं. तुम्ही आधी ९, ११ आणि १२ वाचा. ९ मध्ये भौतिक गुण, ११ मध्ये आरोग्यावरचे परिणाम, १२ मध्ये पर्यावरण. मग विभाग २ शी ताडून बघा. आकडे एक सांगतायत आणि वर्गीकरण दुसरंच, अशा शीट कमी नाहीत.

आकडा मिळाला की त्याच्यामागची परिस्थिती विचारायची. कोणत्या प्राण्यावर? तोंडावाटे, त्वचेवाटे की श्वासावाटे? किती तास? कोणत्या पद्धतीनं? कोणत्या वर्षी? टोल्युईनचा तोंडावाटेचा एलडी५०, म्हणजे चाचणीतले निम्मे प्राणी दगावतात तो डोस, काही शीटमध्ये किलोमागे ६३६ मिलिग्रॅम दिसतो तर काहींमध्ये साडेपाच हजारांच्या वर. पहिला आकडा धरला तर कॅटेगरी ४, दुसरा धरला तर बहुतेक नियमांखाली काहीच नाही. अशा वेळी सरासरी काढायची नाही आणि सोयीचा आकडाही उचलायचा नाही. मूळ अभ्यास कोणता, मान्य चाचणीपद्धतीनं केलाय का, नमुना किती शुद्ध होता, हे पाहून कोणता विश्वासार्ह ते ठरवायचं आणि नाकारलेला आकडाही कारणासह शेऱ्यात लिहायचा. अभ्यासांना १ ते ४ असे गुण देण्याची क्लिमिश पद्धत यासाठी सर्रास वापरतात. १ म्हणजे बिनशर्त विश्वासार्ह, २ म्हणजे काही मर्यादांसह विश्वासार्ह, ३ म्हणजे विश्वासार्ह नाही, ४ म्हणजे ठरवायला पुरेसे तपशीलच नाहीत. डेटा शीटमधला स्रोत नसलेला आकडा सरळ चौथ्या गटात टाका.

माहितीच न मिळाल्यास रकाना कोरा सोडू नका. "माहिती उपलब्ध नाही" आणि "माहिती आहे, पण निकषात बसत नाही" ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्यात धोका असूही शकतो, दुसऱ्यात तो तपासून बाजूला ठेवला आहे. दोन्हीकडे नुसती रेघ मारली, तर सहा महिन्यांनी तुम्हालाच काही आठवणार नाही.

४. भौतिक धोके

स्फोटक, ज्वलनशील, ऑक्सिडायझर, दाबाखालचे वायू, धातू खाणारे वगैरे वर्ग इथे येतात. सगळे वर्ग प्रत्येक रसायनाला लागू पडत नाहीत. द्रवाला ज्वलनशील घन पदार्थाचा निकष लावण्यात वेळ घालवू नका, "लागू नाही" लिहा आणि पुढे चला.

रोज लागणारा वर्ग ज्वलनशील द्रवांचा. निकष दोनच, फ्लॅश पॉइंट (द्रवाची वाफ ठिणगीनं पेट घेऊ लागते ते किमान तापमान) आणि उकळायला सुरुवात होते ते तापमान. फ्लॅश पॉइंट २३ अंश सेल्सिअसच्या खाली आणि उत्कलनबिंदू ३५ किंवा त्याहून कमी असेल तर कॅटेगरी १. फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली पण उत्कलनबिंदू ३५ च्या वर असेल तर कॅटेगरी २. फ्लॅश पॉइंट २३ ते ६० असेल तर ३, आणि ६० च्या वर ९३ पर्यंत ४. डायइथाइल ईथर ३४.६ अंशांना उकळतं म्हणून ते पहिल्या कॅटेगरीत. अॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या बराच खाली आहे, पण ते ५६ अंशांना उकळतं म्हणून दुसऱ्या. टोल्युईनही दुसऱ्याच. आकडा जितका लहान तितका धोका मोठा, हे डोक्यात पक्कं बसवा. काही जुन्या पद्धतींत क्रम उलटा असतो आणि घोळ तिथेच होतो.

फ्लॅश पॉइंटपुढे "क्लोज्ड कप" (झाकलेल्या भांड्यातली मोजणी) लिहिलंय का ते बघा. ओपन कप पद्धतीत वाफ निसटते आणि आकडा सहसा जास्त येतो. सीमेवरचं रसायन त्यामुळे एक कॅटेगरी सौम्य ठरू शकतं.

मिश्रणांच्या बाबतीत भौतिक धोके शक्यतो मोजायचेच असतात. घटकांच्या टक्केवारीवरून आरोग्याचे धोके काढता येतात, फ्लॅश पॉइंटची नुसती सरासरी काढता येत नाही. स्फोटकपणा किंवा स्वतःहून विघटन होण्याची शक्यता मात्र आधी रेणूच्या रचनेवरून चाळून घेता येते. पेरॉक्साइड, नायट्रो, अॅझाइड असे गट दिसले की थांबा आणि जाणकाराला विचारा. ही चाचणी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात करून बघण्यासारखी नाही.

५. आरोग्याचे धोके

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि जायलाही हवा.

तीव्र विषारीपणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. तोंडावाटे, शरीराच्या किलोमागे मिलिग्रॅममध्ये: ५ पर्यंत कॅटेगरी १, ५० पर्यंत २, ३०० पर्यंत ३, २००० पर्यंत ४, आणि जिथे मानतात तिथे ५००० पर्यंत ५. त्वचेवाटे पहिल्या चार पायऱ्या ५०, २००, १०००, २०००. श्वासावाटे वायू, वाफ आणि धूळ-तुषार यांची तीन वेगळी कोष्टकं आहेत आणि ती चार तासांच्या संपर्कासाठी आहेत. तुमच्याकडचा आकडा एका तासाचा असेल, तर वायू व वाफेसाठी २ नं आणि धूळ-तुषारांसाठी ४ नं भागायचं, मगच कोष्टकात बघायचं. एक तासाचा आकडा तसाच वापरला, तर रसायन आहे त्यापेक्षा सौम्य दिसतं.

आता मेथॅनॉल घ्या. उंदरांवरचा तोंडावाटेचा एलडी५० किलोमागे ५००० मिलिग्रॅमच्या वर आहे. कोष्टकात टाकला तर निष्कर्ष: वर्गीकरण नाही. पण मेथॅनॉल पिऊन माणसं आंधळी होतात, दगावतात, हे सर्वांना ठाऊक आहे. कारण असं की शरीरात मेथॅनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं. उंदराचं शरीर ते चटकन निकालात काढतं. माणसाच्या शरीरात ते साचतं आणि डोळ्याच्या नसेवर घाला घालतं. म्हणून अधिकृत यादीत मेथॅनॉल तिन्ही मार्गांनी कॅटेगरी ३ मध्ये आहे आणि शिवाय एकाच संपर्कात अवयवाला इजा करणारं म्हणून वेगळ्या वर्गाच्या कॅटेगरी १ मध्येही आहे. माणसांवरचा विश्वासार्ह पुरावा असेल तर तो प्राण्यांवरच्या आकड्याच्या पुढे जातो. कोष्टक वाचता येणं पुरेसं का नाही, हे नव्या माणसाला दाखवायला मी नेहमी हेच रसायन पुढे करतो.

त्वचा आणि डोळ्यांसाठी आधी सामू (पीएच) बघा. २ किंवा त्याहून कमी, नाहीतर ११.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर दुसरी माहिती येईपर्यंत रसायन त्वचा जाळणारं धरायचं. त्वचा जाळणारं ठरलं की डोळ्याला गंभीर इजा त्यातच धरतात, डोळ्याची चाचणी करत बसायचं नाही. त्यातल्या १ए, १बी, १सी या उपकॅटेगऱ्या किती वेळाच्या संपर्कात त्वचा जळते त्यावर ठरतात: तीन मिनिटांपर्यंत, एक तासापर्यंत, चार तासांपर्यंत.

कर्करोग, जनुकीय बदल आणि प्रजननावरचे परिणाम या तीन वर्गांत एका आकड्यावर निर्णय होत नाही. इथे सगळा पुरावा तराजूत घालावा लागतो. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेचे गट मदतीला येतात, पण तो गट जसाच्या तसा जीएचएसच्या कॅटेगरीत उतरवू नका. तिथला २बी म्हणजे इथली २ असं बऱ्याचदा जुळतं, नेहमीच नाही. माझं मत विचाराल तर या तीन वर्गांचा निर्णय नव्या माणसानं एकट्यानं घेऊच नये. अधिकृत वर्गीकरण असेल तर ते घ्यावं, नसेल तर विषशास्त्र जाणणाऱ्या माणसाची सही घ्यावी.

पातळ हायड्रोकार्बनच्या बाबतीत एक वर्ग हमखास सुटतो: गिळल्यावर किंवा उलटीवाटे श्वासनलिकेत उतरण्याचा धोका. निकष ४० अंशांवरच्या चिकटपणाचा आहे, सेकंदाला २०.५ चौरस मिलिमीटर किंवा कमी. टोल्युईन, झायलीन, केरोसीन सगळी यात येतात.

६. पर्यावरण

हा भाग तुलनेनं सरळ आहे. पाण्यातल्या सजीवांवरच्या चाचण्यांत निम्म्या जीवांवर परिणाम करणारं प्रमाण बघायचं: मासे ९६ तास, डॅफ्निया (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) ४८ तास, शेवाळ ७२ किंवा ९६ तास. यातला सगळ्यात वाईट, म्हणजे सगळ्यात लहान, आकडा घ्यायचा. लिटरमागे १ मिलिग्रॅम किंवा कमी म्हणजे तीव्र कॅटेगरी १. दीर्घकालीन कॅटेगरीसाठी पदार्थ लवकर कुजतो का आणि सजीवांच्या शरीरात साठतो का, तेही बघावं लागतं. फार विषारी पदार्थांना एम-फॅक्टर लागतो: आकडा ०.१ ते १ मध्ये असेल तर १, ०.०१ ते ०.१ मध्ये असेल तर १०, पुढे दर पायरीला दहापट. मिश्रणात त्या घटकाची टक्केवारी या आकड्यानं गुणायची असते. तो विसरला की गणित सौम्य बाजूला घसरतं.

७. मिश्रण असेल तर: एक उदाहरण सोडवून

समजा एक थिनर आहे. टोल्युईन ६० टक्के, अॅसिटोन २५ टक्के, मेथॅनॉल १५ टक्के. पूर्ण मिश्रणावर चाचणी झालेली नाही, त्याच्यासारखं दुसरं तपासलेलं मिश्रणही नाही. म्हणजे घटकांवरून गणित करायचं.

तीव्र विषारीपणाचं सूत्र असं: १०० भागिले मिश्रणाचा अंदाज = प्रत्येक घटकाची टक्केवारी भागिले त्या घटकाचा अंदाज, यांची बेरीज. या अंदाजाला, म्हणजे अंदाजे घातक मात्रेला, एटीई म्हणतात. मेथॅनॉलची फक्त कॅटेगरी माहीत धरली, तर पर्पल बुकातल्या कोष्टकातून तोंडावाटे कॅटेगरी ३ साठी १०० हा आकडा मिळतो. टोल्युईन आणि अॅसिटोनचे विश्वासार्ह आकडे ५००० च्या वर असल्यानं ते बेरजेत येत नाहीत. १५ भागिले १०० = ०.१५, आणि १०० भागिले ०.१५ = साधारण ६६७. तीनशे ते दोन हजारांच्या मध्ये, म्हणून कॅटेगरी ४, एच३०२ (एच-क्रमांक म्हणजे लेबलवर छापायच्या धोका-वाक्याचा क्रमांक).

इथे कुणी मेथॅनॉलसाठी उंदरांचा आकडा घातला असता, तर ही ओळ लेबलवरून गायबच झाली असती.

त्वचेवाटे कोष्टकातला आकडा ३००. १५ भागिले ३०० = ०.०५, उत्तर बरोबर २०००. वाफेसाठी आकडा लिटरमागे ३ मिलिग्रॅम. १५ भागिले ३ = ५, उत्तर बरोबर २०. दोन्ही उत्तरं थेट सीमेवर पडली. निकष "२००० पर्यंत" आणि "२० पर्यंत" असा आहे, सीमा आत धरून, म्हणून दोन्हीकडे कॅटेगरी ४: एच३१२ आणि एच३३२. स्प्रेडशीटमध्ये "पेक्षा कमी" आणि "पेक्षा कमी किंवा समान" यांच्यात गल्लत झाली, तर इथे दोन धोके निसटतील.

बाकीचे वर्ग टक्केवारीच्या मर्यादांवर:

- मेथॅनॉल १० टक्क्यांच्या वर: एका संपर्कात अवयवाला इजा, कॅटेगरी १, एच३७०
- टोल्युईन १० टक्क्यांच्या वर: त्वचेला जळजळ एच३१५, वारंवार संपर्कात अवयवाला इजा एच३७३, श्वासनलिकेचा धोका एच३०४ (थिनर पाण्यासारखं पातळ आहे, चिकटपणाची अटही पुरी होते)
- टोल्युईन ३ टक्क्यांच्या वर: गर्भावर परिणामाचा संशय, एच३६१डी
- अॅसिटोन १० टक्क्यांच्या वर: डोळ्यांना जळजळ, एच३१९
- टोल्युईन आणि अॅसिटोन मिळून २० टक्क्यांच्या वर: गुंगी, एच३३६
- तिन्ही घटक ज्वलनशील कॅटेगरी २: मिश्रण एच२२५ येणार हे जवळपास नक्की, तरी फ्लॅश पॉइंट मोजून फाइलला लावा

मर्यादा सगळ्या घटकांना एकसारख्या नसतात. काही पदार्थांना अधिकृत यादीत स्वतःच्या वेगळ्या मर्यादा दिल्या आहेत. सल्फ्युरिक आम्ल युरोपच्या यादीप्रमाणे १५ टक्क्यांपासून त्वचा जाळणारं ठरतं, तर साधारण नियमात ती मर्यादा ५ टक्के आहे. सोडियम हायड्रॉक्साइड मात्र २ टक्क्यांनाच त्या वर्गात जातं. विशिष्ट मर्यादा दिली असेल तर तीच आधी.

८. वर्गीकरणावरून लेबल

थिनरच्या वर्गीकरणातून तीन चिन्हं निघतात: ज्वाला, छातीवर चांदणी फुटलेला माणूस आणि उद्गारचिन्ह. कवटी येत नाही, कारण ती तीव्र विषारीपणाच्या पहिल्या तीन कॅटेगऱ्यांसाठी आहे. इशाऱ्याचा शब्द एकच छापायचा. "डेंजर" लागू असेल तर "वॉर्निंग" गळतो.

चिन्हांमध्येही मानापमान आहेत. पर्पल बुक आणि युरोपच्या नियमाप्रमाणे कवटी असेल तर उद्गारचिन्ह लावतच नाहीत. त्वचा जाळण्याचं चिन्ह असेल तर जळजळीसाठीचं उद्गारचिन्ह जातं. पण कवटी नसेल आणि उद्गारचिन्ह आणखी वेगळ्या कारणानं लागत असेल, गुंगीसाठी वगैरे, तर ते राहतं. प्रत्येक चिन्ह कोणत्या ओळीमुळे आलं ते स्प्रेडशीटमध्ये लिहिलेलं असलं की वाद होत नाही.

वाहतुकीचे चौकोन हे वेगळं प्रकरण आहे. ते धोकादायक मालाच्या वाहतूक नियमांतून येतात आणि डेटा शीटच्या विभाग १४ मध्ये असतात. जीएचएसची लाल किनारीची चिन्हं ट्रकवर लावून भागत नाही, आणि वाहतुकीचा चौकोन ड्रमवर आहे म्हणून लेबल पूर्ण झालं असंही नाही.

९. फाइल बंद करण्याआधी

दुसऱ्या माणसाला फक्त तुमची स्प्रेडशीट द्या, तोंडी काही सांगू नका, आणि त्याच निष्कर्षाला तो पोहोचतो का बघा. जिथे तो अडेल तिथे कारण अपुरं लिहिलंय. थिनरच्या बाबतीत तो बहुतेक मेथॅनॉलच्या १०० या आकड्यापाशी अडेल आणि "उंदरांचा आकडा का नाही घेतला?" म्हणून विचारेल. त्याचं उत्तर शेऱ्यात दोन ओळींत हवं.

मग तारीख, जीएचएसची आवृत्ती, देशाचा नियम, करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव टाका. पुरवठादार बदलला, रचनेतली टक्केवारी हलली, अधिकृत यादीत नोंद सुधारली, माल नव्या देशात जाणार असला किंवा एखाद्या कामगाराला अनपेक्षित त्रास झाला, तर फाइल पुन्हा उघडायची. जुनी आवृत्ती पुसू नका, नवी तिच्या शेजारी ठेवा. तीन वर्षांपूर्वी ड्रमवर अमुक चिन्ह का नव्हतं, असं कुणी विचारलं तर दाखवायला तीच लागते.